हेलियम नेमका कुठल्या बाळाच्या कामाचा?

अक्कलकोट रोडवर राहणाऱ्या एका मामांनी प्रश्न विचारला आहे. बहिणीचं बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मलं, वजन १४०० ग्रॅम. जन्माला दीड दिवस झालाय, सोलापुरातल्याच एका एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे आणि नाकाला सीपॅप, म्हणजे श्वासाला सतत हलका दाब देणारं साधन, लावलेलं आहे. मामांनी मोबाईलवर वाचलं की परदेशात अशा बाळांना हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण देतात, त्यामुळे व्हेंटिलेटर टळतो. त्यांचं विचारणं असं: हे आपल्याकडे का देत नाहीत? पुण्याहून सिलिंडर आणून दिला तर चालेल का? की बाळालाच पुण्याला हलवावं? सोनं गहाण ठेवायची तयारी आहे, असंही त्यांनी लिहिलंय.

मामा, आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. सिलिंडरच्या मागे लागू नका. त्या एका गोष्टीसाठी बाळाला हलवू नका. सोनं घरात राहू द्या. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण हेलियम ज्या अडचणीवर चालतो ती अडचण तुमच्या भाच्याला बहुधा नाही. जी आहे, तिच्यावरचे उपाय सोलापुरात मिळतात, आणि त्यातला एक त्याच्या नाकाला लागलेलाच आहे. मी बाळाला पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्याच्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांचा. पण त्यांच्याशी बोलताना काय विचारायचं, हे तुम्हाला नीट कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

हेलियम हे औषध नव्हे. तो शरीरात कशाशी संयोग करत नाही, फुप्फुसाची सूज उतरवत नाही, जंतू मारत नाही, श्वासनलिका रुंद करत नाही. त्याचा गुण एकच, तो हलका आहे. लिटरभर हवेचं वजन साधारण १.२९ ग्रॅम भरतं, लिटरभर हेलियमचं ०.१८ ग्रॅम. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो बाजूला काढला, त्याच्या जागी हेलियम भरला आणि ऑक्सिजन २० टक्क्यांवर ठेवला, की हवेच्या एक तृतीयांश वजनाचं मिश्रण तयार होतं. यात ऑक्सिजन साध्या हवेइतकाच आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हेलियममुळे बाळाला जास्त ऑक्सिजन मिळत नाही. तोच ऑक्सिजन कमी कष्टात आत जातो, इतकंच.

कष्ट कमी होतात कुठे, तर जिथे वाट अरुंद झालेली आहे तिथे. अरुंद जागेतून वायू जोरात ओढला की तो सरळ न जाता भोवरे करत जातो, आणि भोवरे करत जाणाऱ्या वायूला ओढायला किती जोर लागेल हे त्याच्या घनतेवर ठरतं. वायू हलका असेल तर जोर कमी लागतो, शिवाय भोवरेही कमी होऊन प्रवाह बराचसा सरळ वाहू लागतो. हे सगळं घडतं ते घसा, स्वरयंत्र, मुख्य श्वासनलिका आणि तिच्या पहिल्या काही फांद्यांत. त्याच्या पुढे, अगदी बारीक नळ्यांत, वायू मुळातच संथ आणि सरळ वाहत असतो. तिथे घनतेला महत्त्व नाही, तिथे चिकटपणा मोजला जातो, आणि हेलियमचा चिकटपणा हवेपेक्षा किंचित जास्तच आहे. म्हणजे जितकं खोल जावं तितका हेलियमचा उपयोग संपत जातो.

नवजात बाळात वरची वाट किती नाजूक असते ते पाहा. स्वरयंत्राच्या लगेच खालची जागा जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर. तिथे चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर ४ मिलिमीटरची वाट २ मिलिमीटरची होते आणि क्षेत्रफळ एक चतुर्थांश उरतं. तुम्हाआम्हाला तेवढ्या सुजेनं फार तर आवाज बसेल. बाळाचा जीव धोक्यात येतो. अशा बाळाला हलका वायू दिला तर फरक दिसतो, आणि तो डोळ्यांनी दिसतो.

मुंबईत प्रशिक्षण घेत असताना मी तो पाहिलाय. महिन्याभराची मुलगी होती. दुसरीकडे बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेली, नळी काढली आणि काही तासांत प्रत्येक श्वासाला घशातून खरखरीत, चढा आवाज यायला लागला. छातीच्या हाडाच्या वर, गळ्याच्या बुडाशी जो खळगा असतो, तो दर श्वासाला इतका आत जायचा की बोटाचं टोक त्यात बसावं. तिला घट्ट बसणाऱ्या मास्कमधून ७० टक्के हेलियम आणि ३० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण गरम आणि दमट करून सुरू केलं. पाच-दहा मिनिटांत खळगा उथळ झाला, मुलगी थोडी शांत झाली. रडली तेव्हा आवाज बारीक आणि चिरका निघाला आणि आई घाबरली. हलक्या वायूत आवाज तसाच येतो, हे तिला समजावून सांगावं लागलं. मग सिलिंडर बदलताना मिश्रण थोडा वेळ थांबलं, तेव्हा तो खळगा पुन्हा पहिल्याइतकाच खोल दिसला. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून पाहिलं तर स्वररज्जूंच्या खाली जखम भरून आल्यावर राहतो तसा व्रणाचा घट्ट वेढा होता. तो सर्जननी फुग्यानं ताणून मोकळा केला. हेलियमनं वेढा जराही सैल केला नव्हता. पुन्हा नळी न घालता एक रात्र काढून दिली, आणि तिच्यासाठी ती रात्र फार मोलाची होती.

हेलियमचं काम हे असं आहे. न्यूयॉर्कच्या ॲल्व्हन बराक या डॉक्टरांनी १९३४ साली दमा आणि वरच्या श्वासमार्गातल्या अडथळ्यांसाठी तो पहिल्यांदा सुचवला, तेव्हापासून त्याचं खरं बळ अरुंद वाटेतच दिसलंय. खरा उपाय होईपर्यंत रोग्याला थकू न देणं, हेच त्याचं काम.

आता तुमच्या भाच्याकडे येऊ. दोन अडचणींतला फरक ओळखायची एक खूण घरच्यांनाही कळते: आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना? आत घेताना चढा, खरखरीत आवाज आला तर अडथळा बहुधा वर, घशा-स्वरयंत्रापाशी असतो. बाहेर सोडताना दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज आला तर अडचण खाली, फुप्फुसातच असते. एकतिसाव्या आठवड्याचं बाळ जन्मल्यावर पहिल्या काही तासांत धापा टाकतं, बरगड्यांमधली जागा आत ओढतं आणि कण्हतं, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच: फुप्फुसात सरफॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं.

फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या आतून ओल्या असतात. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशा या पिशव्यांच्या भिंती श्वास सुटला की चिकटू पाहतात. सरफॅक्टंट हा स्निग्ध थर त्यांना चिकटू देत नाही. तो थर पुरेसा तयार होतो साधारण ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला बंद झालेल्या पिशव्या नव्यानं उघडाव्या लागतात, आणि थोड्याच वेळात ते थकतं. कण्हणं हीसुद्धा त्याची धडपड असते. श्वास सोडताना घसा अर्धवट मिटून ते आतला दाब धरून ठेवायला बघतं, म्हणजे पिशव्या पूर्ण मिटणार नाहीत.

इथे वाट मोकळी आहे, मिटतंय ते टोक. वायू कितीही हलका असला तरी मिटलेली पिशवी त्यानं उघडत नाही. ती उघडी ठेवायला दाब लागतो आणि आतला थर लागतो. दाब म्हणजे सीपॅप. थर म्हणजे बाहेरून दिलेलं सरफॅक्टंट.

हे किती महत्त्वाचं आहे ते कळायला एक जुनी घटना सांगते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. दिवस साडेचौतीस आठवडे, वजन सुमारे २१०० ग्रॅम, म्हणजे तुमच्या भाच्यापेक्षा मोठा. त्याला हाच आजार होता. बोस्टनला नेलं, जास्त दाबाच्या ऑक्सिजन कक्षात ठेवलं. जगातली सगळी साधनं हाताशी होती. ३९ तासांत मूल गेलं. आजार सरफॅक्टंटच्या कमतरतेचा आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ सालीच दाखवलं होतं, पण उपाय हातात नव्हता. पुढे १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या श्वासाला सतत हलका दाब देऊन पाहिला, तोच आजचा सीपॅप. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेलं सरफॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत घालून दाखवलं. अध्यक्षाच्या मुलाला जे मिळालं नाही ते आज तुमच्या भाच्याला मिळतंय. नाकातल्या दोन छोट्या नळ्या आणि बाजूच्या बाटलीत बुडबुडणारं पाणी बघून हे किरकोळ वाटतं, हे मला रोज नातेवाइकांच्या डोळ्यांत दिसतं. मोठं यंत्र नाही, म्हणजे उपचार कमी, असं वाटतं. ते पाणी साधारण ५ ते ६ सेंटिमीटरचा दाब धरून ठेवतं आणि बाळाच्या पिशव्या श्वासागणिक उघड्या राहतात. बुडबुडे सतत येत असणं ही चांगली गोष्ट आहे. ते थांबले तर बहुतेक वेळा नळी नाकातून सरकलेली असते किंवा बाळाचं तोंड उघडं पडलेलं असतं, आणि सिस्टरांना सांगितलं की त्या लगेच नीट करतात.

मग तुम्ही वाचलेला अभ्यास? तो बहुधा २०१२ साली प्रसिद्ध झालेला इटलीतला असावा. २८ ते ३२ आठवड्यांच्या, हाच आजार असलेल्या ५१ बाळांना सीपॅप लावला. २७ बाळांना सीपॅपमधून पहिले १२ तास हेलियमचं मिश्रण दिलं, २४ बाळांना नेहमीची हवा. हेलियमच्या गटात ४ बाळांना व्हेंटिलेटर लागला, दुसऱ्या गटात ११ बाळांना. आकडे नजरेत भरणारे आहेत, मान्य. मी ते हलक्यात घेत नाही. त्यामागे तर्कही आहे: कार्बन डायऑक्साइड हेलियममधून हवेपेक्षा कितीतरी जास्त वेगानं पसरतो, त्यामुळे तो बाहेर पडायला मदत होते आणि श्वासाचं श्रम थोडं घटतं. सरफॅक्टंट नसलेल्या बाळाला त्या थोडक्याचाही आधार होतो. पण ५१ ही लहान संख्या आहे. एवढ्या बाळांवर जगभराची पद्धत बदलत नाही आणि बदललेली नाही. शिवाय मधल्या काळात एक मोठी गोष्ट झाली. बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच बारीक नळीनं सरफॅक्टंट आत सोडायची पद्धत रुळली. त्यासाठी बाळाला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागत नाही. हेलियमनं जे टाळायचं होतं त्यातलं बरंचसं आज या मार्गानं टळतं, आणि तेही मूळ कारणावर उपचार होऊन. माझ्यासमोर ३१ आठवड्यांचं बाळ असेल आणि सीपॅपवर ऑक्सिजनची गरज वाढत असेल, तर मी हेलियमचा विचार न करता सरफॅक्टंट देईन.

सिलिंडर आणून दिला तर काय बिघडतं, हेही विचारलंत. बरंच बिघडू शकतं.

पहिली गोष्ट, आणि ही मी ठासून सांगते: फुगेवाल्याचा गॅस कुठल्याही कारणानं बाळाच्या जवळ नेऊ नका. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत जे गॅसचे फुगे मिळतात त्यांत आपल्याकडे अनेकदा हेलियम नसतोच, हायड्रोजन असतो, आणि तो ठिणगीनं पेटतो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत तो म्हणजे स्फोटक. आणि समजा शुद्ध हेलियम असला तरी त्यात ऑक्सिजनचा अंश नसतो. असा वायू दोन-चार श्वास घेतला तरी शुद्ध हरपते आणि मेंदूला इजा होऊ शकते. वैद्यकीय वापराचं मिश्रण कारखान्यातच २० टक्के किंवा जास्त ऑक्सिजन घालून तयार केलेलं असतं, ते याचसाठी. वर्कशॉपमधला वेल्डिंगचा हेलियमही चालत नाही. कोणी 'जमवून देतो' म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरं, पुरवठा. १८६८ च्या खग्रास ग्रहणात आपल्याच देशातून सूर्याच्या प्रकाशात ज्या वायूची पिवळी रेषा पाहिली गेली, तो हेलियम आज आपल्याला जवळपास सगळा बाहेरून आणावा लागतो. तो नैसर्गिक वायूच्या काही विहिरींतून निघतो, मुख्यतः अमेरिका, कतार, अल्जीरिया अशा देशांत. एमआरआयच्या चुंबकाला थंड ठेवायलाही तोच लागतो. त्यामुळे टंचाई आली की भाव चढतात. आणि खप पाहा. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी खांद्यावर वाहिलेला जंबो सिलिंडर सुमारे ७ घनमीटर वायूचा असतो. बाळाच्या सीपॅपला मिनिटाला ८ ते १० लिटर प्रवाह धरला तर तो १२ ते १४ तासांत रिकामा होतो. या आजाराचे कठीण दिवस दोन-तीन असतात. सिलिंडर मध्येच संपला, तर आधार अचानक निघून जातो.

तिसरं, यंत्रं. आपल्याकडचे फ्लोमीटर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजणारी साधनं, हवेसाठी किंवा ऑक्सिजनसाठी आखलेली असतात. त्यांतून ८०-२० चं मिश्रण सोडलं तर काट्यावर दिसतं त्याच्या सुमारे १.८ पट वायू प्रत्यक्षात वाहतो. ७०-३० च्या मिश्रणात १.६ पट. व्हेंटिलेटरचं तर याहून अवघड. अनेक व्हेंटिलेटर तापलेल्या तारेवरून वाहणारा वायू ती किती थंड करतो यावरून श्वासाचं माप काढतात, आणि हेलियम हवेच्या सहापट उष्णता वाहून नेतो. माप चुकतं, बाळाच्या फुप्फुसात नको तेवढा वायू जाऊ शकतो. हेलियमसाठी जुळवलेलं यंत्र नसेल तर मी तो जोडणार नाही.

हीच सहापट उष्णता बाळाच्या अंगावरही उठते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो, बाहेर पाय भाजतात, तरी १४०० ग्रॅमचं बाळ एसीच्या झोतात किंवा ओल्या दुपट्यात सहज गार पडतं. बाळ गार पडलं की त्याचा ऑक्सिजनचा खर्च वाढतो, साखर उतरते, श्वास बिघडतो. हेलियम नीट गरम न करता दिला तर श्वासाला मदत करता करता आपणच त्याला गार करतो.

आणखी एक मर्यादा आहे, तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. हेलियमचा फायदा मिश्रणात त्याचा वाटा मोठा असेल तरच. बाळाला ६० टक्के ऑक्सिजन लागत असेल तर हेलियमला जागा उरते फक्त ४०. मिश्रण पुन्हा जड होतं. म्हणजे जे बाळ सगळ्यात जास्त आजारी, ज्याला ऑक्सिजन सगळ्यात जास्त लागतो, त्यालाच हेलियम सगळ्यात कमी देता येतो.

तान्ह्या बाळांमध्ये हिवाळ्यात येणारा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज, हा वेगळा विषय, त्यावर दोन वाक्यंच लिहिते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांनी केलेल्या, २०१३ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत हेलियम घट्ट मास्कनं किंवा सीपॅपमधून दिला तरच उपयोग दिसला. नाकातल्या साध्या नळीनं दिला तेव्हा बाजूची हवा मिसळून परिणाम गेला. म्हणजे वायूइतकंच तो कसा दिला यालाही महत्त्व आहे.

पुण्याला हलवण्याबद्दल. अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास. दीड दिवसाच्या, सीपॅपवरच्या बाळाला हा प्रवास फुकट पडत नाही. नळी सरकते, अंग गार पडतं, डोक्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांना गाडीचे हादरे सोसत नाहीत. तुम्ही जिथे आहात तिथे सीपॅप, सरफॅक्टंट, व्हेंटिलेटर आणि रात्रपाळीला बाळांचे डॉक्टर असतील, तर तिथेच राहा. यातलं काही नसेल, तर आधी सोलापुरातच जिथे ते आहे तिथे हलवा. होटगी रोडवरून सिव्हिलला जाणं आणि पुण्याला जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचा सरकारी रुग्णालयातला उपचार आणि वाहन मोफत असतं. खासगीत असाल तर महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आजच विचारा. खरंच लांब न्यायची वेळ आली तर समोरच्या रुग्णालयात खाट पक्की करूनच निघा, आणि गाडीत बाळाला ऊब देणारी पेटी आणि बाळांचं काम येणारा माणूस हवा. नुसत्या ऑक्सिजन सिलिंडरवर आणि मामीच्या मांडीवर नाही.

तुमच्या डॉक्टरांना आता काय विचाराल? बाळाला किती टक्के ऑक्सिजन लागतो, हा पहिला प्रश्न. २१ म्हणजे साधी हवा. ३० च्या आत असेल आणि छाती ओढणं कमी होत असेल तर बाळ सांभाळून नेतंय. ३० ते ४० च्या वर जात असेल तर सरफॅक्टंट दिलं का, द्यायचं आहे का, हे विचारा. जितकं लवकर दिलं तितका उपयोग जास्त. कॅफिन सुरू आहे का, तेही विचारा. या वयाची बाळं श्वास घ्यायचं विसरतात आणि कॅफिन त्याला चांगलं आवरतं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ च्या दरम्यान दिसलं आणि १०० नाही म्हणून भांडू नका. जास्त ऑक्सिजननं अशा बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, म्हणून आम्ही तो मुद्दाम मापात ठेवतो. याच कारणानं महिन्याच्या आत डोळ्यांची तपासणी करून घ्यायची आहे. तारीख कागदावर लिहून घ्या, घरी गेल्यावर हे हमखास विसरतं.

अजून एक तयारी मनाची. हा आजार पहिले दोन-तीन दिवस वाढतो आणि मग उतरतो. तुम्ही दीड दिवसावर आहात. उद्या ऑक्सिजन थोडा वाढलेला दिसला तर उपचार फसला असं लगेच समजू नका. सीपॅपवर असूनही काही बाळांना व्हेंटिलेटर लागतो. लागला तर तो द्यावाच, त्यासाठी सही करायला उशीर करू नका. आणि बहिणीला पहिल्या चिकाचे थेंब काढून द्यायला सांगा. चमचाभर निघाला तरी सिस्टर तो बाळाच्या तोंडात लावतील. श्वास स्थिरावला की ती बाळाला उघड्या छातीशी धरेल, तेव्हा घरातल्या बायकांनी 'बाळाला थंडी लागेल' म्हणून अडवू नये. आईच्या अंगाची ऊब पेटीपेक्षा कमी नसते.

हे उत्तर बार्शी, मंगळवेढा, करमाळ्याकडचं कोणी गरोदर बाईच्या घरचं वाचत असेल तर तुमच्यासाठी वेगळं सांगते, कारण फुप्फुसाचा सगळ्यात स्वस्त उपचार बाळ जन्मायच्या आधीचा आहे. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा. बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेनं केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही इंजेक्शनं मिळालेल्या आयांच्या बाळांमधले मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध साधं, खर्च किरकोळ. पण त्याला वेळ लागतो, म्हणून 'सकाळपर्यंत बघू, कळा थांबतील' असं म्हणत विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई रात्र काढते, तेव्हा बाळाचे हक्काचे तास निघून जातात. रात्रीच निघा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात पोचल्यावर 'बाळाच्या फुप्फुसाचं इंजेक्शन दिलं का' हे तोंडानं विचारा.

मामा, हेलियमचा प्रश्न पुन्हा विचारायची वेळ येऊ शकते, ती कधी ते सांगून थांबते. भाच्याला पुढे व्हेंटिलेटर लागला, बरेच दिवस नळी राहिली, आणि नळी काढल्यावर किंवा घरी गेल्यावर श्वास आत घेताना चढा, खरखरीत आवाज येऊ लागला, दूध पिताना धाप लागली, गळ्याचा खळगा आत जाऊ लागला, तर 'सर्दी असेल' म्हणून वाफ देत बसू नका. त्याच दिवशी दाखवा. तेव्हा स्वरयंत्राखाली दुर्बिणीनं पाहायला लागेल, आणि ते करणारे बाळांचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ असलेल्या पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या मोठ्या केंद्राशी तुमच्या डॉक्टरांनी बोलावं. निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या: हेलियम-ऑक्सिजनचं वैद्यकीय मिश्रण तुमच्याकडे आज आहे का, आणि त्याला जुळवलेलं यंत्र आहे का.